दुसऱ्या खुर्चीबद्दल

मावशी,

तुम्हाला आजी म्हणावं असं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून मावशी. तुमचं नाव तुम्ही सांगितलं होतं, पण तेव्हा बायकोचा घोटा डोळ्यांदेखत सुजत होता आणि माझं लक्ष सगळं तिकडे. हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता यायचं नाही. तरी लिहितोय, कारण लिस्बनहून येऊन तीन आठवडे झाले, जो भेटेल त्याला आम्ही तुमचंच सांगतो, आणि ऐकून झालं की तो विचारतो, "बरं, बेलेमचा टॉवर पाहिला का?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो, पण सोबत माझी आत्या होती. तिला स्ट्रॉबेरी बघायची होती. नंतर मुलं, त्यांच्या परीक्षा, आईचं आजारपण. दोघंच असे कुठे निघालो ते आत्ता नोव्हेंबरात. आणि लिस्बनच का, तर हिचं माहेर म्हापशाचं. हिचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, 'लिश्बोआ' असं तोंड भरून म्हणायचे, पण गोव्याबाहेर फारसे कधी गेले नाहीत. तुमच्या लोकांनी 1510 पासून 1961 पर्यंत आमच्या उशाशी राज्य केलं, त्याबद्दल त्यांना रागही होता आणि तुमच्या भाषेबद्दल माया पण. दोन्ही एकाच माणसात नांदत होतं. ही त्यांची नात. तिला ते गाव पायी बघायचं होतं.

आणि बघत होतो की! उतरलो होतो मोरारियात. 1147 मध्ये पोर्तुगालच्या अफोन्सो हेन्रिक्स राजाने शहर जिंकल्यावर हरलेल्या मुसलमानांना किल्ल्याबाहेरच्या ज्या उतारावर राहू दिलं, ती ही वस्ती. (आपल्या हापूसला ज्याचं नाव मिळालं तो अफोन्सो द अल्बुकर्क वेगळा, तो साडेतीनशे वर्षांनी आला.) आज तिथेच, मार्तीं मोनीजच्या चौकाभोवती, बांगलादेशी आणि नेपाळी दुकानं आहेत. ही पहिल्याच दिवशी कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. कशाला, तिलाच माहीत. रोज सकाळी एक टेकडी धरायची आणि तंगड्या दुखेपर्यंत हिंडायचं. खालचा बायशाचा भाग 1755 च्या भूकंपात जमीनदोस्त झाला, मग राजाचा मंत्री पोंबाल याने तो पट्टी लावून आखल्यासारखा सरळ बांधला. तिथे हरवायला होत नाही, म्हणून मजाही नाही. तुमचा आल्फामाचा भाग बराचसा त्यातून वाचला, म्हणून तो अजून गुंतलेल्या लोकरीसारखा आहे. आम्हाला तोच आवडला.

त्या दिवशी ग्रासाच्या टेकडीवरून, सेन्योरा दो मोंतच्या कठड्यावरून, नदी बघितली. पाऊस भुरभुरत होता. सत्तावीस वर्षांनी एका छत्रीत चाललो, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. पोर्ताश दो सोलपाशी आलो आणि खाली उतरायला पायऱ्या धरल्या. तुमच्या त्या पांढऱ्या चुनखडीच्या फरशा! वर्षानुवर्षं पावलांनी घासून गुळगुळीत, वर पावसाचं पाणी. ही गेली.

आता ज्यांनी मदत केली नाही त्यांचंही सांगतो, त्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. आमच्या टूरवाल्यांची 'चोवीस तास हेल्पलाइन' होती. तिने मला अकरा मिनिटं सनई ऐकवली आणि बंद पडली. याच मंडळींनी 'लिफ्टची सोय' म्हणून आम्हाला चौथ्या मजल्यावर टाकलं होतं. लिफ्ट होती, शेजारच्या इमारतीला. पायऱ्यांच्या वरच एक हॉटेल होतं, छताखाली वीसेक रिकाम्या खुर्च्या. मी हिला धरून तिथवर नेलं. वेटरने घोट्याकडे पाहिलं, आमच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, "रिझर्व्ह्ड." वीसच्या वीस. मी कॉफी मागवतो म्हटलं, तर म्हणाला, फक्त जेवण. आम्ही परत पायऱ्यांवर.

तेवढ्यात तुमचं दार उघडलं.

तुम्ही आधी काहीतरी रागावून बोललात. मला वाटलं आम्हालाच हाकलताय. आणि हाकललं असतंत तरी चूक नव्हती. तुमच्या गल्लीत दारोदार पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांची ती आकड्यांची कुलपं लटकलेली आहेत, त्या घरांत आमच्यासारखे लोक चाकांच्या बॅगा खडखडवत रात्री-अपरात्री येतात, तुमच्या वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढतात. भाडी वाढून तुमचे शेजारी शहराबाहेर गेलेले. आम्ही त्याच टोळीतले.

पण तुमचा राग त्या फरशांवर होता. तुम्ही आतून एक खुर्ची आणून उंबऱ्याच्या आत ठेवलीत, हिला बसवलंत. मग आत कोणाला तरी ओरडलात, "बाल्द!" आणि ही एवढ्या कळांमध्ये फिसकन हसली. "बालदी म्हणतायत," म्हणाली. थंड पाण्याची बालदी आली. पाय बुडाला.

मी उभाच होतो. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पडलेलं माणूस एकच होतं. मी छत्री, तिची पर्स, एक बूट आणि फोन सांभाळत भिंतीला टेकलो होतो. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, आत गेलात, आणि दुसरी खुर्ची घेऊन आलात. तीही समोर नाही ठेवली. हिच्या शेजारी ठेवलीत, हाताला हात लागेल इतकी जवळ, दोन्ही खुर्च्यांची तोंडं गल्लीकडे. माझ्या हातातला बूट काढून घेतलात आणि म्हणालात, "सेंता."

मावशी, त्या क्षणापर्यंत माझे पाय थरथरतायत हे मला माहीत नव्हतं.

पडलेल्याला हात द्यायला बरेच जण येतात. त्याच्याबरोबर जो आलाय तोही घाबरलेला असतो, हे मी आईच्या वेळी दवाखान्यांमध्ये पुष्कळ रात्री उभ्याने काढून शिकलोय. तिथे माझ्यासाठी स्टूलही कोणी सरकवलं नव्हतं. तुम्हाला ते कोणी शिकवलं?

पुढचं सगळं, औषधाचं दुकान, तो मुलगा, टॅक्सीपर्यंतची वाट, ते रीतसर पार पडलं. हाड मोडलेलं नव्हतं. मला आठवतंय ते सूप. तुम्ही बोट दाखवून एकेक सांगत होता, "बाताता", "कोव", आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओरडत होतो, "बटाटा! कोबी!" पाव आला तेव्हा तर बोलायचीही गरज पडली नाही. आमचं त्या रात्री फादोच्या गाण्यांचं बुकिंग होतं, मेणबत्त्या वगैरे. पैसे परत मिळाले नाहीत. त्याऐवजी तुमच्या टीव्हीवर बेनफिकाची मॅच पाहिली. गोल झाला तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत जो गुद्दा घातलात, तो दोन दिवस दुखत होता.

निघताना मी हिचं ऐकून "ओब्रिगादा" म्हणालो, आणि तुम्ही पदराला, चुकलो, एप्रनला डोळे पुसत हसलात. बायकांनी म्हणायचं ते ओब्रिगादा. पुरुषाने ओब्रिगादो. आता पाठ झालंय. ओब्रिगादो, मावशी.

शेवटच्या दिवशी आम्ही बेलेमला गेलो. टॉवर लांबूनच पाहिला. 1837 पासून चालणाऱ्या त्या दुकानातून सहा पेस्टल, म्हणजे कस्टर्डचे टार्ट, घेतले, ट्रामने परत आलो, लंगडत तुमच्या गल्लीत शिरलो. दार बंद होतं. बराच वेळ थांबलो, मग पिशवी कडीला अडकवून विमानतळाकडे निघालो. तुम्हाला मिळाली असेल तर एक खुलासा करायचा राहिलाय. सहातला एक हिने ट्राममध्येच खाल्ला. राग मानू नका, अजून गरम होते.