समुद्र डाव्या हाताला

वाकवा, मॉरिशस
१० डिसेंबर

तीर्थरूप बाबांस आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार,

परवा फोनवर आईने विचारले, समुद्र कसा होता. आणि तुम्ही विचारलेत, रस्ता कसा होता. तेव्हा घाईत "छान होता" एवढेच सांगून मी फोन ठेवला, पण तीस वर्षे एसटीचे स्टिअरिंग सांभाळलेल्या माणसाच्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसे नाही, हे नंतर मनाला लागून राहिले. म्हणून बेटाभोवतीच्या आमच्या त्या दिवसभराच्या फेरीबद्दल आज सविस्तर लिहिते.

इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहने चालतात. हे बेट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरले की समुद्र दिवसभर डाव्या हाताला राहतो आणि मध्ये दुसरी मार्गिका येत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम आधी पूर्वेकडे माहेबूरला जाऊन तिथून दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेला यायचे ठरवले. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वाऱ्याच्या वळणांवर समुद्र असाच तुमच्या डाव्या हाताला असे. गाडी दिवसभर मीच चालवली. जावई आणि आर्यन खिडकीशी बसले होते.

पहाटे सहाला निघालो. वाकवा उंचावर असल्यामुळे तिथे धुके आणि पावसाची भुरभुर होती. अर्ध्या तासात खाली उतरलो तर लख्ख ऊन. रस्त्याच्या दुतर्फा गुलमोहर पेटल्यासारखा फुलला होता. आपल्याकडे तो मे महिन्यात फुलतो, इथे डिसेंबरात, कारण दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आत्ता सुरू आहे. आंबे आणि लिचीही याच दिवसांत येतात. दारोदारी लिचीचे घोस टांगलेले पाहून आईची आठवण आली.

माहेबूर हे जुने बंदराचे गाव. १८१० च्या ऑगस्टमध्ये याच उपसागरात फ्रेंच आरमाराने इंग्रजांचा पराभव केला, तरी त्याच वर्षाच्या अखेरीस बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलेच. पण मला तिथे आठवण झाली ती २०२० ची. त्या वर्षी २५ जुलैला 'वाकाशियो' नावाचे मोठे मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळावर चढले आणि पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. माहेबूरच्या धक्क्यावर हजारो लोक जमले आणि त्यांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या, तरंगाव्यात म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवण्यासाठी त्या पाण्यात सोडल्या. शेजारच्या ब्लू बेमध्ये काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहताना ते पाचट सारखे डोळ्यांसमोर येत होते. पाणी इतके नितळ की होडीची सावली तळाच्या वाळूवर स्पष्ट दिसत होती.

तिथून दक्षिण किनाऱ्यावरच्या सुयाक गावापर्यंत रस्ता किनारा सोडून आत वळतो. तासभर फक्त ऊस. रस्ते आपल्या गावच्या रस्त्यांइतकेच अरुंद आहेत, डांबर मात्र उत्तम आहे. धोका आहे तो कडेच्या खोल गटाराचा, कारण पुष्कळ ठिकाणी साइडपट्टीच नसते आणि समोरून बस आली की डावे चाक नेमके कुठे आहे ते न पाहता कळावे लागते. तुम्ही मला शिकवताना रस्त्यावर खडूने रेघ मारून त्यावरून चाक न्यायला लावत होतात. त्या रेघेचा उपयोग मला इथे रोज होतो.

या उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतात, काही तर घराएवढ्या उंच. ही जमीन ज्वालामुखीची असल्याने दगडांनी भरलेली होती आणि ऊस लावण्यासाठी ते दगड माणसांनी हातांनी वेचून रचले. एका राशीजवळ गाडी थांबवून मी एका दगडावर हात ठेवला. तो उन्हाने तापलेला होता, त्याच्या अंगावर बारीक छिद्रे होती आणि खालच्या बाजूला शेवाळ सुकून पांढरे पडले होते. हे दगड उचलणाऱ्यांत आपली माणसेही होती. २ नोव्हेंबर १८३४ पासून इथे करारावर हिंदुस्थानी मजूर येऊ लागले आणि पुढच्या काळात ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. त्यांतले बहुसंख्य बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून चढलेल्यांत आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी कुटुंबेही होती.

दुपारी सुयाकच्या टोकाला ग्री ग्री नावाच्या जागी पोचलो आणि दिवसभरात पहिल्यांदाच समुद्राचा आवाज ऐकू आला. तुम्हाला हे नवल वाटेल, मलाही वाटले होते. या बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा बांध आहे. लाटा लांब बाहेरच त्यावर फुटतात, तिथे एक पांढरी रेघ दिसते आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. ग्री ग्रीला तो बांध तुटलेला आहे. त्यामुळे दक्षिणेच्या महासागरातून येणारी लाट सरळ काळ्या कड्यावर आदळते, पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटते आणि ओठांवर मीठ येते. थोडे पुढे एका खडकावरून पाणी सतत निथळत असते, म्हणून त्याला 'रडणारा खडक' म्हणतात. जावयांनी तिथे एक गोष्ट सांगितली, ती तुमच्यासाठी जपून ठेवली आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळून आपला दख्खनचा कातळ झाला, त्याच जागेने पुढे, जमिनीचे कवच सरकत गेल्यावर, हे मॉरिशस बेट घडवले. म्हणजे आंबा घाटात तुमच्या गाडीच्या उजव्या-डाव्या अंगाला असणारा तो काळा कडा आणि हा कडा एकाच चुलीवरचे.

तिथेच एका मावशींच्या गाडीवर जेवलो. धोल पुरी म्हणजे डाळीचे हळद घातलेले सारण भरलेली अगदी मऊ पोळी. गूळ न घालता केलेली पुरणपोळीच म्हणा. जोडीने दोन देतात आणि वर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी चटणी. आर्यनशी मी मराठीत बोलत होते ते ऐकून मावशींनी हात थांबवला आणि "आमी पण मराठी" असे म्हणाल्या. त्यांच्या घरात आता क्रिओल, म्हणजे इथली बोलभाषा, बोलतात. मराठी त्या शाळेत शिकल्या. तरी गणपतीची आरती त्यांना संपूर्ण पाठ होती, आणि गौरीच्या दिवसांत त्यांच्या वस्तीत 'झाकरी' नाचतात असे त्या सांगू लागल्या तेव्हा मला आपल्या अंगणातली जाखडी दिसू लागली. गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते हे तुम्हाला मी पूर्वी लिहिले होते. आमचे गाव रत्नागिरीजवळ आहे असे सांगितल्यावर त्यांनी "रत्नागिरी" हा शब्द दोनदा उच्चारला. त्यांच्या पणजोबांच्या तोंडी तो शब्द असे, एवढेच त्यांना ठाऊक होते. पैसे घ्यायला त्या काही केल्या तयार होईनात.

सुयाकपासून पुढचा रस्ता मात्र अगदी पाण्याला लागून जातो. एका बाजूला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस आणि डोंगर, असे पंचवीस-तीस किलोमीटर. बे द्यु काप या छोट्या गावापाशी मॅथ्यू फ्लिंडर्सचे स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजून मायदेशी परतणारा हा इंग्रज दर्यावर्दी १८०३ च्या डिसेंबरात गळके जहाज घेऊन इथे मदतीसाठी थांबला, आणि फ्रान्स-इंग्लंडचे युद्ध सुरू असल्यामुळे सहा वर्षांहून अधिक काळ या बेटावर कैदेत राहिला.

जवळच माकोंदेचे वळण आहे. समुद्रात घुसलेल्या एका काळ्या सुळक्याला वळसा घालून रस्ता असा वळतो की समोरचे काहीच दिसत नाही. मी तुमच्या शिकवणीप्रमाणे आधी वेग उतरवला, हॉर्न दिला, मग गिअर बदलून वळण घेतले, तर पलीकडे एक बस आधीच थांबून राहिली होती. चालकाने हात वर करून मला पुढे यायला सांगितले. पांढऱ्या केसांचे, तुमच्याच वयाचे गृहस्थ होते. मी गाडी पुढे नेऊन कडेला लावली आणि सुळक्याच्या पायऱ्या चढून वर गेले. तिथे उभी असताना एक गोष्ट लक्षात आली, बाबा. सकाळपासून जावई आणि आर्यन सारखे "ते बघ, ते बघ" म्हणत होते आणि मी प्रत्येक वेळी रस्त्याकडेच बघत होते. तुम्ही तीस वर्षे समुद्राच्या काठाने गाडी हाकलीत, हजारो माणसांना तो दाखवलात. पण पाठीमागे पन्नास जीव असताना तुम्हाला तो मान वळवून पाहता आला नसेल.

त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी थांबले आणि उतरून पाहिले. शेवटचा थांबा होता ल मोर्न. समुद्रातून सरळ उठलेला हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर. मळ्यांतून पळून गेलेले गुलाम त्याच्या कडेकपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला निघालेले शिपाई आपल्याला पकडायलाच येत आहेत असे वाटून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २००८ साली हा डोंगर जागतिक वारसा यादीत गेला. गुलाम मुक्त होणार म्हणून मळेवाल्यांना दुसरे हात हवे होते, आणि ते हात आपल्या देशातून आणले गेले. सकाळी पाहिलेली दगडांची रास आणि संध्याकाळचा हा डोंगर, यांत एवढेच अंतर आहे.

पावणेसातच्या सुमारास सूर्य पाण्यात गेला. आर्यन वाळूत झोपून गेला होता. परतीच्या अंधारात तामारेंमार्गे घरी पोचायला तासाहून अधिक वेळ लागला. सबंध दिवसात सव्वाशेच्या वर किलोमीटर झाले.

नोव्हेंबर ते एप्रिल इथे वादळांचे दिवस असतात, त्यामुळे आत्ता या असे म्हणत नाही. पुढच्या वर्षी घरचे गणपती झाले की दोघेही या. तेव्हा हवा कोरडी आणि थंड असते. गाडी मी चालवीन. पुढची डावीकडची जागा तुमची आणि तिच्या मागची आईची. पासपोर्टचे अर्ज तेवढे याच महिन्यात भरून टाका, आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा.

आर्यनचा दोघांनाही नमस्कार.

आपली लेक