किल्ल्यावरच्या कट्ट्यांची पाटी

महोदय,
१८ ऑगस्ट जवळ आला की ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ हा संदेश फिरू लागतो. मी देवगडचा निवृत्त विज्ञान शिक्षक. ग्रहण पाहायला इंग्रज साहेबाने वापरलेले ‘साहेबाचे कट्टे’ दाखवायला मी कितीतरी मुलं किल्ल्यावर नेली, म्हणूनच हे लिहितो. हेलियमच्या शोधाचं श्रेय फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांना देतात; पण १८ ऑगस्ट १८६८च्या सूर्यग्रहणात जान्सन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. हेही काही कमी मोलाचं नाही!

पुढच्याच वर्षी तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरावर, सुमारे २,३४० मीटर उंचीवर, सौर वेधशाळा उभी राहिली. गेल्या मे महिन्यात ती पाहून आलो. १९०४पासून तिथे सूर्याचे रोज फोटो काढतात. ढग आले तरच खंड. जुन्या फोटोंच्या काचा अजून जपलेल्या आहेत. आमच्याकडे एका पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी धरते, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटलं. १९०९मध्ये तिथले शास्त्रज्ञ एव्हरशेड यांना सूर्यडागातला वायू बाहेरच्या दिशेने वाहताना आढळला, तोही इथेच. तिथल्या बोगदा-दुर्बिणीत मनोऱ्यावरचे आरसे ऊन खाली उतरवतात, ते साठेक मीटरच्या बोगद्यात जातं आणि सूर्याची जवळजवळ ३४ सेंटिमीटरची प्रतिमा पडते. त्या मापात आपली पृथ्वी मसुरीच्या दाण्याहूनही लहान!

किल्ल्यावर खऱ्या तारखांची मराठी पाटी लावावी, आणि तिच्यावर कोडाईकनालचाही उल्लेख असावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, देवगड