जनता वसाहतीतील बैठकीविषयी मुलास पत्र

पुणे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या जनता वसाहतीत एचआयव्हीविषयी बायकांची बैठक होती, तेथे मी गेले होते. तू आता घरापासून दूर राहतोस, म्हणून तेथे ऐकलेले मोकळेपणाने लिहिते.

बहुतेक बायका धुणीभांडी करणाऱ्या होत्या, आणि काहींचे नवरे ट्रकवर असल्याने महिनोन्महिने बाहेर असतात. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने लागण होत नाही, हे बैठक घेणाऱ्या आशाताईंनी आधी समजावले. कारण खोट्या भीतीत अडकलेल्या माणसाचे लक्ष असुरक्षित संबंध, दूषित सुई आणि न तपासलेले रक्त यांकडे जातच नाही. आईकडून बाळाला लागण होऊ शकते, पण गरोदरपणी तपासणी करून वेळेवर औषधे घेतली तर तो धोका फार कमी होतो, हेही त्यांनी सांगितले. लाकडी नमुन्यावर निरोध वापरण्याची पद्धत दाखवताना काहीजणी पदराआड हसल्या. ताई शांतपणे दाखवत राहिल्या, आणि थोड्याच वेळात त्याच बायका बारकाईने विचारू लागल्या.

मग एकीने विचारले, "नवरा ऐकतच नसेल तर?" ताई म्हणाल्या, "त्यांना तपासणी केंद्रात घेऊन या, आम्ही बोलू." याहून अधिक त्या तरी काय सांगणार? निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. परंतु तो वापरायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार जिला स्वतःच्या घरात नाही, तिला नुसती माहिती कितपत वाचवणार, हा विचार मला अजून सोडत नाही. हे शिकण्याची जबाबदारी पुरुषांची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि म्हणूनच हे पत्र तुला लिहीत आहे.

शंका आली तर लाजून थांबू नकोस. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, निकाल गुप्त ठेवला जातो, आणि २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधे २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. तुझ्या मित्रांनाही हे सांग.

ताई आता पुरुषांसाठी संध्याकाळी बैठक घेणार आहेत. तरुण मुलगे समोर असले की इतर पुरुषही बोलू लागतात, असा त्यांचा अनुभव आहे. दिवाळीला येशील तेव्हा त्या बैठकीला जा. मी त्यांना तसे कळवले आहे.

तुझी,
आई