वजा बाईंना पत्र

स्टॉकहोम,
रविवार

ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मागच्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका तू फोनवर सांगितल्यास, त्या लक्षात ठेवून लिहायला बसले आहे. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या गोष्टीचा मुद्दा अगदी शेवटी आहे. आधीचं सगळं ऐकल्याशिवाय तो नीट कळायचा नाही. म्हणून पत्र.

परवा आमच्या दहावीच्या वर्गातले बावीस जण व्हिडिओ कॉलवर जमलो. निम्म्यांची नावं मला आठवेनात, चेहरे मात्र टकलं, चष्मे, पिकलेल्या मिशा यांच्या आडूनही पटापट ओळखू आले. मला आधी लाजच वाटली, मग कळलं की सगळ्यांचं तेच चाललंय. १९७५ साली अमेरिकेत बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सुमारे चारशे माजी विद्यार्थ्यांची अशीच परीक्षा घेतली होती. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनीही वर्गातल्या मुलांचे फोटो दहात नऊ वेळा बरोबर ओळखले. "आता फोटो न बघता नावं सांगा" म्हटल्यावर मात्र त्यांचीही गाडी अडली. तेव्हा मी नापास नाही.

शिक्षकांची नावं कुणीच विसरलं नव्हतं. म्हणजे खरी नव्हेत, आम्ही ठेवलेली. तुझंही होतं. तुला ते माहीत होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आज सांगूनच टाकते: वजा बाई. उत्तर बरोबर पण पायरी गाळली, एक वजा. एकक लिहिलं नाही, अर्धा वजा. समास सोडला नाही, अर्धा वजा. एकाने तर शपथेवर सांगितलं की त्याला एकदा वीसपैकी उणे दोन मिळाले होते. ते मला पटलं नाही, पण तुझ्या बाबतीत अशक्यही वाटलं नाही.

आधी सगळे मी ऐकतेय म्हणून जपून बोलत होते. मग एकीने विचारलं, "आम्ही बोललो तर तू रागावणार नाहीस ना?" मी म्हटलं, पट्टी पहिल्यांदा माझ्या हातावर बसायची, तेव्हा बोलण्याचा पहिला मानही माझाच. घरी आई, शाळेत बाई, एका अक्षराचा फरक; पण तो तू किती कडक पाळायचीस! आठवीत एकदा भर तासाला माझ्या तोंडून "आई, समजलं नाही" असं निघून गेलं. वर्ग हसला. तू फळ्याकडून मान न वळवता म्हणालीस, "इथे कुणाची आई नाही. ज्याला समजलं नाही त्याने हात वर करावा." मी हात वर केला होता. हे सांगितल्यावर परवा सगळे इतके हसले की दोघांच्या घरचे बघायला आले.

मग काय, कुणी थांबेना. तू वरांड्याच्या त्या टोकाला दिसलीस की अलीकडचे वर्ग एकामागून एक गप्प होत यायचे, म्हणजे तू किती वर्ग लांब आहेस ते शांततेवरूनच कळायचं. तू फेकलेला खडू नेमका कपाळावर बसला, असं तिघांनी सांगितलं. दिवस एकच, खडू एकच, कपाळं तीन. मला स्वतःला तू खडू फेकलेला एकदाही आठवत नाही. फेकायचीस का गं?

या सगळ्या धमालीत एक गोष्ट मला नवीन कळली, ती तुझ्या पाच तोंडी प्रश्नांची. आल्या आल्या पुस्तक उघडायच्या आत मागच्या आठवड्यातले पाच प्रश्न, उत्तर तोंडी, चुकलं की उभं. त्या उभं राहण्याचा आम्हाला भयंकर राग यायचा. इथे एका व्याख्यानात ऐकलं की रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली नेमकं हेच तपासून पाहिलं. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो एकदा वाचून मग आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. तू यातलं काही वाचलेलं नव्हतंस, तरी तुझा हिशेब बरोबर निघाला. वर्गातल्या एकाला अजूनही एकोणतीसचा पाढा येतो, त्याने तो म्हणूनही दाखवला. त्याचा कुणाला काही उपयोग नाही, हेही लिहायला हवं.

दुसरी गोष्ट फळ्याची. फळ्यावर बोलावलेल्या मुलाचं पहिल्याच ओळीत चुकलं तरी तू थांबवायची नाहीस. त्याला त्याच चुकीवरून शेवटपर्यंत जाऊ द्यायचीस. पुढच्या बाकावरची ती (दोन वेण्या, सतत पेन्सिल चावणारी) सांगत होती, की तिचं वयवारीचं गणित चुकत चुकत वडिलांचं वय उणे चार वर्षांवर आलं. वर्ग फुटला. तू तिला म्हणालीस, "आता मागे जा. चिन्ह कुठे बिघडलं ते शोध." पक्षांतर करताना चिन्ह बदलायचं राहिलं होतं. ते तिने स्वतः शोधलं, त्याला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं तू अख्ख्या वर्गाला गप्प बसवलंस. आज ती पुलांच्या तपासणीचं काम करते. म्हणाली, कुठलाही अहवाल हातात आला की आधी शेवटचा आकडा बघते, हे शक्य तरी आहे का म्हणून, आणि दर वेळी उणे चार वर्षांचे वडील आठवतात.

आता मुद्दा.

आमच्यातला एक जण स्वतः शिक्षक झालाय. तो म्हणाला की आता पट्टी दिसली तरी मुलं कायदा सांगतात, आणि बरोबरच सांगतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि त्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेला बंदी आहे. मी सांगितलं की स्वीडनने १९७९ मध्येच घरातल्या मारावरही बंदी घातली, असं करणारा हा जगातला पहिला देश. आणि माझी लेक तिच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भीतीने मीच उठून उभी राहिले होते. पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, आपण खाल्ला मार म्हणून तर घडलो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा खिडकीशेजारचा, शेवटून दुसऱ्या बाकावरचा बोलला. तोवर तो नुसता ऐकत होता. म्हणाला, "त्या कलमात पुढे मानसिक त्रासही लिहिलाय." मग त्याने सांगितलं, की नववीत त्यालाही तू असंच फळ्यावर बोलावलं होतंस. उत्तर असंच काहीतरी अशक्य आलं. पण त्या दिवशी तू "मागे जा" म्हणाली नाहीस. त्याच्या हातातला खडू काढून घेतलास आणि म्हणालीस, "बस. तुझ्यावर खडू फुकट."

आई, हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. म्हणाला, "पट्टीचं मला काही नाही. पट्टी सगळ्यांना होती. ते वाक्य माझ्या एकट्याचं होतं." त्यानंतर गणिताच्या तासाला तो फक्त बसून राहायचा. तुझ्या हे कधी लक्षात आलं का, त्याला ठाऊक नाही. पंचावन्न मुलांच्या वर्गात यायलाच हवं होतं असंही मी म्हणणार नाही.

मला तो तास आठवतो. तू आदल्या रात्री दोनपर्यंत पेपर तपासत होतीस, आजी दवाखान्यात होती. हे मी परवा त्याला सांगणार होते. तोंड उघडलं आणि आठवलं, की तू ते बोललीस तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. आज पट्टी माझ्यावर नाही, दुसऱ्या कुणावर तरी आहे, याचाच आनंद असणार तो. मग आजीचं काही बोलले नाही. "मी हसले होते," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "हो. माझ्या लक्षात आहे."

नंतर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग विषय सहलीवर गेला.

कॉल संपल्यावर मी त्याला वेगळा फोन केला आणि विचारलं, हे आईला सांगू का? तिची सत्तरी उलटलीय, सांगून काय मिळवायचं, असं मलाच वाटत होतं. तो जरा थांबून म्हणाला, "सांग. चूक दाखवली नाही तर बाईंना आवडत नसे."

म्हणून पत्र.

फोन नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. तो संध्याकाळी सातनंतर घरी असतो. त्याने तुला फोन कर असं म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. नंबर असावा, इतकंच.

बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
हजेरी क्रमांक ३४