फोनवर राहिलेलं

आई, बाबा,

परवा फोनवर आईनं विचारलं, लोकांची कामं करून तुझं स्वतःचं काय होतंय गं, आणि नेमकी रेंज गेली. गडचिरोलीत धानोऱ्याच्या पुढं ती अशीच जाते. पण बरंच झालं, तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून आता लिहितीये.

मी इथं नक्की काय करते हे तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. ग्रामसभेचा हिशोब ठेवायला मदत करते. मे महिन्यात विडीसाठीच्या तेंदूपत्त्याचा सीझन, पहाटे सगळे जंगलात जातात आणि दुपारी घरातली लहानमोठी सगळी पानं जुळवायला बसतात, ७० पानांचा एक पुडा आणि असे १,००० पुडे झाले की एक स्टँडर्ड बॅग. आधी हा व्यवहार वनखातं आणि ठेकेदार यांच्यातला, गावाच्या हातात फक्त मजुरी. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हापासून ज्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळतो तिथली ग्रामसभा स्वतः पानं विकू शकते. आमच्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) यात सगळ्यात पुढं होतं, २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा पास स्वतः द्यायला २०११ उजाडलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. तिथं मतदान घेत नाहीत बाबा, सगळ्यांना पटेपर्यंत बोलत बसतात. एकाला जरी पटलं नाही तरी थांबतात.

आमचं गाव तेवढं पुढं नाही, पण हिशोब मात्र सगळ्यांसमोर वाचायचा हे इथंही पक्कं आहे. गेल्या सीझनला मी वाचत होते, एक पोरगा गोंडीत सांगत होता, आणि मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली माझे ४० पुडे कुठं गेले. मला वाटलं तिचाच काहीतरी घोळ असेल. वाचून पटकन पुढं जावं असंही मनात आलं, खरं सांगते. पण कोणीच हललं नाही. पावतीपुस्तक काढलं, एकेक पान उलटलं, अर्धा-पाऊण तास गेला असेल, आणि चूक माझी निघाली, एकाच आडनावाच्या दोन बायका आणि मी एकीचे पुडे दुसरीच्या खात्यावर चढवलेले. ती दुसरी बाई तिथंच बसलेली, ती म्हणाली माझ्यातले कमी कर. मला कोणी एक शब्द बोललं नाही. रजिस्टरमध्ये खोडून बाजूला सही केली आणि मग पुढचं वाचन.

त्या रात्री मला तुमची आठवण आली बाबा. एसटीत सुट्टे नसले की तुम्ही तिकिटामागं उरलेले पैसे लिहून द्यायचा, आणि माणूस ते विसरून उतरला की खिडकीतून हाका मारायचा, ड्रायव्हरकाका वैतागायचे, गाडी लेट व्हायची. एकदा मी बरोबर होते, सातवीत असेन, एका आजोबांचे दोन रुपये द्यायला तुम्ही स्टँडभर फिरलात आणि मला लाज वाटली होती, सगळे बघत होते म्हणून. मग रात्री डेपोत तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल जुळेपर्यंत तुम्ही जेवायचा नाहीत. आई ताट झाकून बसायची.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच सापडतं. पुण्यात कंपनीत पगार चांगला होता, मी काही तिथं दुःखी नव्हते, पण माझ्या कामानं कुणाचे दोन रुपये परत मिळाले का हे मला तिथं कधी दिसलं नाही. इथं दिसतं. ती म्हातारी आता मला रस्त्यात थांबवून मोहाची फुलं देते.

एक गोष्ट मात्र मला टोचते आणि ती लपवत नाही. बाबांचा गुडघा सुजला तेव्हा शेजारच्या पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं, मी इथं दुसऱ्यांच्या आजीचे पुडे मोजत होते. त्या पोरांचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची घ्या, मी महिनाभर येते, ग्रामसभेत सांगून झालंय, आणि तोपर्यंत इथल्या दोन पोरी रजिस्टर सांभाळतील, त्या आता माझ्यापेक्षा व्यवस्थित लिहितात.

आणि बाबा, रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतीये, त्यात गावानं कुणापासून लपवावं असं काही नाही. दुपारी पडून असता तेव्हा बेरजा बघा. पान क्रमांक १४ वर माझा काहीतरी गोंधळ आहे, तीनदा केली, दर वेळी वेगळी येतीये.

तुमची,
ताई