शुल्क माफ, पण मीटर कुठाय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छतावरच्या सौर पॅनेलचं परवाना शुल्क माफ केल्याची कालची बातमी आणि तिचं कौतुक करणारा अग्रलेख, दोन्ही वाचले. पालिकेचं अभिनंदन. पण शुल्क परवडत नाही म्हणून गच्ची रिकामी ठेवलेला माणूस आपल्या बातमीदाराला कुठल्या पेठेत भेटला? तीन किलोवॉटसाठी दोन लाखांच्या आसपास मोजायला निघालेला माणूस पालिकेच्या पावतीपाशी अडत नाही हो.

आमचं घोडं पावतीनंतर अडलं. पॅनेल बसली मार्चमध्ये आणि नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, आला पावसाळ्यात! अख्खा उन्हाळा पॅनेल गच्चीवर नुसती तापत पडली. तशीच चालू करू म्हटलं, तर बसवणारा मुलगा म्हणाला, ‘काका, नको. जुना मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा तुमच्याच बिलात चढवेल.’ वीज कंपनीच्या कचेरीत उत्तर ठरलेलं: मीटरचा स्टॉक नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी नको आणि यंत्रणा १५ दिवसांत चालू करून द्यावी, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. त्याची प्रत खिडकीतून आत सरकवली. साहेबांनी ती वाचली, नीट घडी घातली आणि परत दिली. मीटर नाही म्हणून यंत्रणा चालू झाल्याचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून ७८ हजारांचं अनुदान नाही. बँकेचा हप्ता तेवढा वेळेवर कापला जात होता. चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिट धरा आणि किती वीज वाया गेली ते अग्रलेख लिहिणाऱ्यांनीच काढावं.

आता मीटर आलाय, तर शेजारच्या इमारतीवर जाहिरातीचा भलामोठा फलक उभा राहिलाय. दुपार कलली की त्याची सावली आमच्या दोन पॅनेलवर येते, आणि सगळी एकाच ओळीत जोडलेली असल्याने बाकीचीही ढेपाळतात. फलकाला परवानगी आहे का, असा अर्ज पालिकेत दिला. उत्तर नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला १७ जणांचा जीव घेणारा फलक ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना तिच्या कितीतरी पट मोठा होता, हे आपल्याच अंकात वाचलं होतं. आमच्या शेजारच्या फलकाचं शुल्क भरलेलं आहे की तेही माफ, एवढं आपल्या बातमीदाराने विचारून छापावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार