फोटोतल्या बंदुकीबद्दल

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
१४ डिसेंबर

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,

शि. सा. नमस्कार. आज्जीच्या पाया पडते.

मी खुशाल आहे. वजन कमी झालेलं नाही, त्या फोटोत जाकिटामुळं उलट जास्तच दिसतंय. कंपनी, डबा, रविवारचा फोन हे तुम्हाला पाठ आहे, ते लिहीत बसत नाही. हे पत्र माझ्या हातात बंदूक असलेल्या त्या फोटोबद्दलच आहे. फोनवर आई रडायला लागते, अण्णा "बरं, बरं" म्हणून फोन दादाकडं देतात आणि दादा नुसता किंमत विचारतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दादानं मोठ्यानं वाचावं आणि मधलं गाळू नये.

पहिलं म्हणजे, मला पोलीस धरणार नाहीत आणि व्हिसालाही काही होणार नाही. व्हिसावर आलेल्या माणसाला इथं एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा रीतसर परवाना असेल त्याला मुभा आहे. तो परवाना पहिल्यांदा काढायचा तर सुरक्षिततेचा कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. मी दिली, पास झाले, मग परवाना निघाला. त्यातून माझ्यासारखी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक इथल्या केंद्राच्या कायद्यात जुन्या वस्तूंत धरतात. थोरल्या आबांची बंदूक निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला जावं लागायचं, तेवढासुद्धा व्याप नाही. बंदूक माझ्या खोलीतही नसते. खाली घरमालकांच्या लोखंडी कपाटात कुलपात असते, दारू वेगळ्या ठिकाणी. किंमत दादाच्या मोबाइलपेक्षा कमी आहे आणि मी ती ओव्हरटाइमच्या पैशातून घेतली, घरच्या पैशाला हात लावलेला नाही.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगते. माझ्या घरमालक आजोबा-आजींबद्दल मी मागं सांगितलं होतं. इथली एक रीत मला पहिल्या वर्षी अजिबात कळली नव्हती. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा गुरुवार असतो, शुक्रवारीही सुट्टी, हे ठीक. पण सोमवारीसुद्धा शाळा बंद! आजीला विचारलं तर म्हणाली, हरणांचा सोमवार. मला वाटलं माझंच इंग्रजी कमी पडतंय. तर खरंच, पिढ्यान् पिढ्या त्या सोमवारी रायफलीनं हरीण मारायचा हंगाम उघडायचा. पोरंही बापाबरोबर रानात आणि मास्तरही रानात, मग शाळा कुणासाठी उघडायची? २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडतो, तरी कितीतरी शाळा सोमवारची सुट्टी सोडत नाहीत. आपल्याकडं बेंदराला पोरं वर्गात बसत नाहीत, तसंच समजा.

ही झाली साध्या रायफलीची गोष्ट. पुढचं ऐका. नाताळ झाला की दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, वेगळा हंगाम सुरू होतो. त्यात दुर्बीण चालत नाही, काडतूस चालत नाही, थोरल्या आबांच्या बंदुकीला होती तशी, ठोका बसला की पेटणारी केपसुद्धा चालत नाही. फक्त चकमकीची बंदूक. दगड पोलादावर आपटायचा, नळीशेजारच्या छोट्या वाटीत ठिणगी पडायची, तिथली चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, पेटायचं, मग नळीतला बार. १९७४ पासून सरकारनंच असं ठरवून दिलेलं आहे. दुकानात एकापेक्षा एक भारी रायफली टांगलेल्या असताना माणसं थंडीत कुडकुडत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं हत्यार घेऊन हिंडतात. मी आजोबांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "सोपं झालं की त्यात काय राहिलं?" त्यात या लँकेस्टरचा अभिमानही आहे. अठराव्या शतकात इथंच जर्मन कारागिरांनी लांब नळीची, आतून पीळ पाडलेली रायफल घडवली. ती पुढं देशभर गाजली, आणि नाव मात्र केंटकी या दुसऱ्याच राज्याचं झालं. हा विषय काढला की आजोबा अजून चिडतात.

तर माझी बंदूक त्या घडणीची, पण कोरी. दादा, हे तुझ्यासाठी. तुला वाटतं विकत आणली की बार टाकायचा. पहिली संध्याकाळ नुसती धुण्यात गेली. कारखान्यातून येताना नळी आतून-बाहेरून चिकट ग्रीसनं माखलेली असते, ते राहिलं तर पहिलीच दारू ओली होते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, गजाला चिंध्या, मग कोरडं करून तेलाचा हात. आणि भरायच्या आधी तेही तेल स्पिरिटनं पुसून काढायचं. अण्णा, थोरल्या आबांच्या बंदुकीची नळी तुम्ही लहानपणी चिंधी गुंडाळून पुसायचात ना? मी तेच करते, फक्त इथं चिंध्या गोल कापून पाकिटात विकत मिळतात.

मग चकमक. गारेचा तुकडा चामड्याच्या पट्टीत धरून घोड्याच्या जबड्यात आवळायचा. त्याची धार समोरच्या पोलादी पत्र्यावर सगळ्या रुंदीनं सारखी घासली पाहिजे. एका कोपऱ्यावर घासली तर ठिणग्या वाटीच्या बाहेर पडतात. आजोबांनी मला गॅरेजमध्ये दिवा घालवून नुसता चाप ओढायला लावला. दारू नाही, गोळी नाही, अंधारात ठिणगी कुठं पडते तेवढंच बघायचं. मला अगोदर पोरखेळ वाटला, पण त्यातच निम्मी बंदूक कळली. वाटीत रंजक किती घालायचं तेही असंच. जास्त घातलं तर आधी चांगलं वाटतं, पण वाटीतून नळीत जाणारं बारीक भोक, त्याला कान म्हणतात, ते बुजलं की रंजक वातीगत जळत आत जातं आणि बार उशिरा उडतो. कान मोकळा ठेवायचा, रंजक त्याच्या खालीच. आणि बार उडेपर्यंत नेम हलवायचा नाही. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत पळभर जातो, तेवढ्यात माणूस मान वर करून बघतो आणि गोळी भलतीकडं जाते.

भरायचा क्रम मी पाठ केलाय. दारू डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही, मागच्या बाराची एखादी ठिणगी आत असली तर हातातला डबाच उडेल. मापात घ्यायची, मग ओतायची. मी साठ ग्रेनपासून सुरुवात केली, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम, आणि बंदुकीबरोबर आलेल्या पुस्तकातल्या मर्यादेच्या पुढं जायचं नाही. दारू काळीच. आताच्या काडतुसातली बिनधुराची दारू चुकून जरी भरली तरी नळी फुटते. मग तेल लावलेली कापडाची चकती, वर शिशाची गोल गोळी. नळी अर्ध्या इंचाची, गोळी तिच्याहून केसभर लहान, मधली जागा कापड भरून काढतं आणि पीळ धरतं. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. म्हणून गजावर दोन खुणा केल्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेलीची. गज आत घातला की आत काय आहे ते तोंडानं विचारावं लागत नाही. ही खूण मला फार आवडली.

नेम आधी पंचवीस यार्डांवर लावायचा, तिथं गोळ्या एका जागी पडायला लागल्या की पन्नासवर. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते. ती कानशीनं घासली की गोळी वर लागते. घासलेलं परत येत नाही, म्हणून आजोबा कानशीचे दोन हात मारले की कानस काढून घेतात आणि परत बार टाकायला लावतात. फोटो त्याच दिवशीचा, सरकारी चांदमारीवरचा आहे. जंगलातला नाही. नारिंगी जाकीट लांबून माणूस माणसाला दिसावा म्हणून घालतात. आई, डोळ्याला चष्मा आणि कानात बोळे आहेत, फोटो मोठा करून बघ. कधी कधी वाटीतलं रंजक नुसतं भुर्रकन् पेटतं आणि आतला बार उडतच नाही. तेव्हा नळी समोरच धरून चांगला मिनिटभर थांबायचं असतं. मी थांबते. लग्नाच्या वरातीतला फटाका फुटला नाही म्हणून वाकून बघणारी पोरं आपल्या गावात आहेत, मी त्यातली नाही.

आणि मग परत धुणं. या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, रात्रभर राहिली तर सकाळी गंज. म्हणून किती का दमलेली असेना, त्याच संध्याकाळी बंदुकीच्या कानात दात कोरायची काडी खुपसून नळीत कोमट पाणी घालायचं, हलवून ओतायचं, चिंधी पांढरी निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी फिरवायची, तांबूस निघाली तर पुन्हा सगळं. तेल लावून नळीचं तोंड खाली करून ठेवायची, नाहीतर तेल तळाशी उतरून कान बुजवतं. थंडीतून एकदम ऊबदार खोलीत आणली तर घामटते, म्हणून आजोबा ती आधी गॅरेजातच ठेवतात. आई, तू म्हणतीस पोरगी बंदुकीच्या नादाला लागली. अगं, मी भांडी घासायच्या नादाला लागलीय.

डिसेंबरात इथं पाचच्या आत अंधार पडतो. कंपनीतून आले की खोलीत जाण्यापेक्षा गॅरेजमध्ये चार माणसांत बसलेलं बरं. आजी गरम काहीतरी आणून देते. एवढंच आहे ते.

आता हरणाचं. आई, मला माहीत आहे तुझ्या गळ्यात माळ आहे. आणि धों. म. मोहित्यांनी बोडक्या डोंगरावर झाडं लावून सागरेश्वरचं अभयारण्य उभं केलं, त्याच्या कुंपणाला लागून वाढलेली मी पोरगी. पण तीच हरणं रात्री कुंपण ओलांडून आपल्या शाळवात शिरतात तेव्हा अण्णा काय काय बोलतात तेही मी ऐकलंय. इथंही १९०० च्या सुमाराला हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्यानं शिकारीवर देखरेख करणारं खातं काढलं, १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडली. खाणारे लांडगे राहिले नव्हते, हरणं वाढत गेली. आता शेतात शिरतात, नवं रोप वाढू देत नाहीत, रात्री गाडीवर येऊन आदळतात. म्हणून किती मारायची ते खातं ठरवून परवाने देतं. मारलेलं वाया जात नाही, घरात खातात, उरलेलं गरजूंच्या अन्नछत्राला देतात. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे ती योग्यच आहे, मी काही म्हणत नाही. मी अजून काही मारलेलं नाही. २६ तारखेला आजोबांबरोबर जाणार आहे. बार टाकीन की नाही ते आत्ता विचारू नका. एकादशी त्या दिवशी नाही, बघितलंय मी.

पैशाचं. या महिन्याचे पाठवलेत, थोडे कमी आहेत, ते गाडीच्या विम्यामुळं, बंदुकीमुळं नाही. सोसायटीचा हप्ता आधी भरा. उसाचं बिल आलं नसेल तर कुणाकडून उसने घेऊ नका, मला सांगा, जानेवारीत बोनस आहे. आज्जीच्या मोतीबिंदूला बिलासाठी थांबवू नका. कराडला नेताना वहिनीला बरोबर घ्या, अण्णा डॉक्टरांना काही विचारत नाहीत. ताकारी योजनेचं पाणी सुटलं का तेही कळवा.

विट्याच्या पाहुण्यांनी फोटो बघितला आणि त्यांचा निरोप थांबला, हे मला दादानं नाही, मावशीनं सांगितलं. फोटो मी फक्त दादाला पाठवला होता. एवढ्यावर थांबत असतील तर मला वाईट वाटलेलं नाही, खरंच. तुम्हाला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं त्याचं वाटतं. मुलगा मला वाईट वाटला नव्हता, पण त्यानं एका वेळेलाही माझं काम काय ते विचारलं नाही. आईनं देवापाशी नवस बोलून ठेवलाय ते वहिनीनं सांगितलं. मे महिन्यात येणं जमेलसं वाटत नाही, व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाहीय आणि आत्ता देश सोडला तर परत यायचं अवघड होईल. गणपतीला नक्की प्रयत्न करते. तोवर दुसरं एखादं बघायचं असेल तर बघा, मी नाही म्हणत नाही. फक्त बंदुकीचं आधीच सांगून टाका.

वहिनीला आणि पोरांना गोड पापा.

तुमची,
माई

ता. क. दादा, बँकेची शाखा बदलली म्हणालास. नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, नाहीतर बोनसचे पैसे अडकतील. आणि तो फोटो मावशीला पाठवू नकोस.